डच जोडशब्दांचा सांधा



ज्या लोकांस आपण आज डच म्हणतों, त्यांचा उल्लेख मराठेशाहींतील कागदपत्रांत 'वलंदेज' या नांवानें येतो. सतराव्या शतकांत वेंगुर्ल्यास त्यांची वखार होती आणि तिच्या पडक्या भिंती आजहि तेथें पाहावयास मिळतात. वखार आली आणि गेली. परंतु त्या व्यापाऱ्यांची भाषा कशी बोलली जाते, याची विचारपूस करण्याचें कारण आपणांस त्या काळीं फारसें पडलें नाहीं. आज तें पडलें आहे. आइंडहोवेन, ॲम्स्टरडॅम, हेग या शहरांत नोकरीनिमित्त राहणारीं मराठी कुटुंबें आतां थोडींथोडकीं नाहींत. त्यांचीं मुलें डच शाळांतून शिकतात आणि आईबाप तीच भाषा पुस्तकांवरून शिकूं पाहतात. मुलांना ती चटकन् येते. आईबापांची अडचण निराळी असते. शब्द पाठ असतात, व्याकरण पाठ असतें, वाक्यहि बिनचूक असतें. आणि तरी समोरचा डच गृहस्थ कपाळाला आठ्या घालून 'काय म्हणालांत?' असें विचारतो. पुष्कळदां या गैरसमजाचें मूळ जोडशब्दांत असतें. डच जोडशब्द कोठें तुटतो आणि त्याच्या कोणत्या भागावर आवाजाचा भार पडतो, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. तो लहान आहे खरा; पण ज्या भाषेंत रोज नवे समास जन्मास येतात, त्या भाषेंत तो गौण मात्र नाहीं.

आरंभींच एक उदाहरण घेऊं. डच वर्तमानपत्रांत 'बॉमेल्दिंग' असा शब्द येतो. 'बॉम' म्हणजे बाँब आणि 'मेल्दिंग' म्हणजे सूचना, वर्दी; अमुक ठिकाणीं बाँब ठेवला आहे अशी आलेली वर्दी. शब्द भीतिदायक आहे. परंतु डच लेखनांत दोन पदांमध्यें जागा सोडण्याची चाल नाहीं. सारीं अक्षरें सलग छापलीं जातात आणि मध्यें दोन 'म' शेजारीं शेजारीं येतात. आतां हाच शब्द 'बॉमल' आणि 'दिंग' असा तोडला, तर 'बॉमलची वस्तु' असा अर्थ होतो. आणि बॉमल हें तर मार्टेन टोंडर यांच्या चित्रकथांतील, १९४१ पासून डच घरोघरीं ठाऊक असलेल्या एका ऐटबाज अस्वलाचें नांव! छापलेल्या कागदावर या दोन शब्दांत खिळ्याचाहि फरक नाहीं. तोंडानें उच्चारतांना मात्र तो लपत नाहीं. पहिल्यांत मधला 'ए' स्पष्ट आणि भरदार आहे, दुसऱ्यांत तो इतका निसटता आहे कीं केवळ 'बॉमल' एवढेंच ऐकूं येतें. कागद जें झांकतो तें आवाज सांगतो, असें डच भाषेंत वारंवार घडतें.

पुढें जाण्यापूर्वी उच्चाराविषयीं दोन शब्द. डच भाषा नेदरलंड्समध्यें आणि बेल्जमच्या उत्तर भागांत मिळून दोन कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा आहे आणि तिचे उच्चार प्रांतोप्रांतीं बदलतात. मी येथें सामान्यतः शिष्ट मानला जाणारा उच्चार देत आहें. त्यांचा त आणि द बराचसा आपल्या त-द सारखा आहे, इंग्रजींतल्यासारखा ट-ड कडे झुकणारा नाहीं. जेथें ते रोमन 'जी' लिहितात तेथें बहुधा घशांतून घासून येणारा ख ऐकूं येतो. त्यांचा एक जोडस्वर आपल्या औ आणि ऐ यांच्या दरम्यान कोठें तरी बसतो. घराला ते 'हौस' म्हणतात, तें या स्वरानें. आपल्या हौसेशीं त्याचा संबंध नाहीं. आणि 'अक्षर' हा शब्द मी छंदःशास्त्रांतल्या अर्थानें वापरणार आहें: एका स्वराभोंवतीं जमलेला उच्चाराचा एक घांस. छापखान्यांतील खिळ्याला आपण वर्ण म्हणूं.

साध्या शब्दांत डच अक्षरांची फोड आपल्या कानाला नवी वाटत नाहीं. दोन स्वरांमध्यें एकच व्यंजन असलें तर तें पुढच्या स्वराला जाऊन मिळतें. दोन असलीं तर बहुधा एक मागें राहतें, एक पुढें जातें. पाण्याला ते 'वातर' म्हणतात. त्याची फोड वा-तर. गंमत अशी, कीं सारी डच वर्णलेखनपद्धति या फोडीवर उभी आहे. 'मन' म्हणजे पुरुष आणि 'मान' म्हणजे चंद्र. मान लिहितांना 'ए' हा वर्ण दोनदां लिहितात, कारण अक्षर व्यंजनानें बंद झालेलें आहे आणि स्वर दीर्घ दाखवावयाचा आहे. पण चंद्र अनेक झाले, 'मानन' झाले, कीं न पुढच्या अक्षरांत जातो, मागें मोकळा मा उरतो, आणि मोकळ्या अक्षरांतला स्वर दीर्घच असावयाचा म्हणून एकच 'ए' पुरतो. उलट, पुरुष अनेक झाले कीं न दुप्पट करावा लागतो. नाहीं तर पुरुषांचे चंद्र होतील! उच्चारांत तो न दोनदां येत नाहीं. तो केवळ दार लोटून ठेवण्यासाठीं लिहिलेला असतो. म्हणजे शुद्ध लिहावयाचें तर डच मुलाला प्रत्येक शब्द मनांत फोडावाच लागतो.

ही फोड जोडशब्दाच्या सांध्याशीं येऊन मात्र थबकते. साध्या शब्दांत पुढें धांवणारें व्यंजन येथें धांवत नाहीं. दोन पदांमध्यें जणूं कुंपण घातलेलें असतें. 'होफ्त' म्हणजे डोकें, मुख्य. 'अखेन्त' म्हणजे पोलीस शिपाई. दोन्ही मिळून पोलीस खात्यांतील एक वरचा दर्जा होतो. होफ्त या शब्दाच्या शेवटीं लिहिलेला वर्ण खरें पाहतां द आहे. तो पुढच्या अ ला मिळाला असता तर 'होव्ह-द-' अशासारखें कांहीं ऐकूं आलें असतें. पण डच मनुष्य 'होफ्त-अखेन्त' असेंच म्हणतो. शब्दाच्या अंतीं ग, द, ब, व्ह, झ यांसारखे घोष वर्ण अघोष होतात, हा त्या भाषेचा जुना नियम आहे. एका हाताला 'हन्त', अनेक हातांना 'हन्दन'. लिहिण्यांत दोन्हीकडे द. जोडशब्दांतील पहिलें पद सांध्याशीं आल्यावर आपण शब्दाच्या अंतीं आलों असेंच समजतें आणि द चा त करून टाकतें. पुढें दुसरें पद वाट पाहात उभें आहे, याची त्याला दाद नसते.

ज्यांनीं लहानपणीं संधिनियम घोकले आहेत त्यांना येथें मौज वाटेल. जगत् आणि ईश मिळून जगदीश होतो. आपल्याकडे सांध्याशीं त चा द होतो, त्यांच्याकडे द चा त. संस्कृताला सांधा बुजवून दोन पदें एकजीव करावयाचीं असतात. डच भाषेला तीं एका दोरींत ओंवून ठेवावयाचीं असतात, पण प्रत्येकाची कड शाबूत राखून. अर्थात् हें अगदीं निरपवाद नाहीं. पुढचें पद ब किंवा द नें सुरू होत असेल, तर डच भाषाहि वाक् आणि देवी यांची वाग्देवी करणाऱ्यांच्या पंक्तीस येऊन बसते. 'झक' म्हणजे खिसा, 'दूक' म्हणजे कापड. हातरुमालाला ते म्हणतात 'झग्दूक'. परकी शब्द सोडले तर डच भाषेंत शुद्ध ग ऐकावयास मिळतो तो अशाच ठिकाणीं. उलट 'हन्त' आणि 'व्हत' मिळून मूठ या अर्थाचा शब्द होतो, त्यांत व्ह आपला घोष टाकून फ होतो: 'हन्तफत'. लिहिलेलें पाहावें तर द आणि व्ह. ऐकावें तर त आणि फ.

कुंपण आहे खरें, पण तें डोळ्यांना दिसत नाहीं, आणि येथूनच डच लोकांचा एक आवडता विनोद सुरू होतो. आपले साहित्यशास्त्रज्ञ त्याला सभंग श्लेष म्हणतील. 'व्हल-कौल' म्हणजे पडण्यासाठीं खणलेला खड्डा, सापळा. तोच शब्द एक वर्ण मागें सरकवून 'व्हल्क-औल' असा फोडला कीं ससाणा आणि घुबड यांचा एक विलक्षण पक्षी होतो. 'क्वर्त-स्लाखन' म्हणजे पाव-पाव फेरे; 'क्वर्त्स-लाखन' म्हणजे गारगोटीच्या दगडाचे थर. चेरीएवढ्या लहान टोमॅटोंना 'केर्स-तोमात्यस' म्हणतात; तेच वर्ण 'केर्स्त-ओमात्यस' असे वाचले तर त्या नाताळच्या आजीबाई होतात. या तिन्ही जोड्यांत आघात दोन्ही वेळां पहिल्याच पदावर आहे, म्हणून आघाताची येथें मदत नाहीं. सांध्याशीं होणारा सूक्ष्म थांबा आणि मागचा-पुढचा संदर्भ यांवरच सारें अवलंबून असतें.

या जातीचें एक उदाहरण मात्र हंसत सांगवत नाहीं. 'दै-क्रम्प' म्हणजे मांडीला आलेला गोळा. 'दैक-रम्प' म्हणजे बांध फुटून ओढवलेली आपत्ति. समुद्रसपाटीखालीं जमीन असलेल्या देशांत बांध म्हणजे काय, हें सांगावयास नको. १९५३ सालीं ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारी यांमधल्या रात्रीं वादळी भरतीनें नैर्ऋत्येकडील बांध फुटले आणि नेदरलंड्समध्यें १८३६ माणसें बुडून मेलीं. त्या घटनेचें नांवहि एक जोडशब्दच आहे. 'वातर्सनोतरम्प', म्हणजे पाणी, संकट आणि आपत्ति हीं तीन पदें एकापुढें एक. त्यांत 'वातर' नंतर येणारा स पाहा. तो कोणत्याहि पदाचा मूळचा वर्ण नाहीं. कधीं काळच्या षष्ठी विभक्तीचा तो अवशेष आहे आणि आतां केवळ सांधणारा स म्हणून उरला आहे. पण तो नेहमीं मागच्या पदाला चिकटतो, पुढच्याला नव्हे. डच कान त्याला कुंपणाचा खांब समजतो.

लांबलचक समासांत या खांबाचें मोल कळतें. कामास असमर्थ झाल्यास मिळणाऱ्या विम्याला डच भाषेंत जो शब्द आहे त्यांत ३३ वर्ण आहेत, आणि तो सरकारी पत्रांतून व विमाकंपन्यांच्या कागदांतून अगदीं नित्याचा आहे. अर्बैत्स, ऑन्खस्खिक्त्हैत्स, फरझेकरिंग. काम, असमर्थता, विमा. अक्षरें दहा. सलग छापलेला हा शब्द पाहून परक्याची छाती दडपते. पण दोन ठिकाणीं येणारे दोन स ओळखले कीं त्याचे तीन सुटसुटीत तुकडे पडतात आणि मुख्य आघात एकदां 'अर्' वर देऊन बाकीचें सारें उतारावरून गेल्यासारखें म्हणतां येतें.

आतां आघाताकडे वळूं. मराठींत आपण कोठें ना कोठें जोर देतोंच. पण त्या जोरानें एका शब्दाचा दुसरा शब्द होत नाहीं, म्हणून आपला कान त्याविषयीं निष्काळजी असतो. परकी भाषा बोलतांनाहि आपण सारीं अक्षरें समान तोलून टाकतों. डच कानाला तें एकसुरी वाटतें एवढेंच नव्हे, तर अर्थच लागत नाहीं. सामान्य नियम सोपा आहे: जोडशब्दांत मुख्य आघात पहिल्या पदावर, दुसरें पद स्वतःचा आघात राखतें, पण दुय्यम. 'क्लैन' म्हणजे लहान, 'किन्त' म्हणजे मूल. दोन्ही सुटे ठेवून 'किन्त' वर जोर दिला तर 'लहान मूल'. एकत्र करून 'क्लैन' वर जोर दिला तर 'नातवंड'. लहान मूल बरोबर घेऊन आलें आहे असें सांगणाऱ्या तरुण आईनें जोर चुकीच्या ठिकाणीं टाकला, तर समोरची मंडळी तिच्या वयाचा विचार करूं लागतील! कागदावर हा भेद एका मोकळ्या जागेनें दाखवितां येतो. तोंडांत मोकळी जागा नसते, तेथें आघातच ती जागा भरून काढतो.

क्रियापदांत तर हा प्रश्न विनोदापलीकडे जातो. 'व्होर' आणि 'कोमन' मिळून 'व्होरकोमन' असें क्रियापद होतें. आघात 'व्होर' वर असला तर अर्थ 'आढळणें, घडणें'; 'को' वर असला तर 'टाळणें, होऊं न देणें'. अमुक रोग या भागांत आढळतो, कीं अमुक रोग टाळला जातो, हें या एका आघातावर ठरतें. वाक्यरचनेंतहि फरक पडतो, कारण पहिल्या अर्थीं 'व्होर' सुटून वाक्याच्या शेवटीं जातो आणि दुसऱ्या अर्थीं तो जागचा हलत नाहीं. परंतु मूळ रूपांत दोन्ही शब्द वर्णशः एकच. म्हणून घोंटाळा होण्यासारखा असेल तेथें स्वरावर तिरपी रेघ देऊन आघात दाखविण्याची सवलत डच लेखनांत ठेवलेली आहे. 'ऑन्दरखान' याचीहि तीच गत आहे: आघात आरंभीं असतां सूर्य 'मावळतो', अंतीं असतां मनुष्य एखादी गोष्ट 'सोसतो'.

हें ऐकतांना ज्यांना इन्द्रशत्रूची कथा आठवली असेल त्यांना ती उगाच आठवली नाहीं. त्वष्ट्यानें इंद्राला मारणारा पुत्र मागितला. 'इन्द्रशत्रु' हा शब्द तत्पुरुष म्हणून अन्तोदात्त उच्चारावयाचा होता, म्हणजे इंद्राचा घात करणारा. उच्चारला गेला आद्युदात्त, तो झाला बहुव्रीहि: इंद्र ज्याचा घात करणारा आहे असा. वृत्र जन्मला आणि इंद्राच्या हातून मेला. पतंजलीनें ही कथा व्याकरण कां शिकावें हें पटवण्यासाठीं घेतली आहे. वैदिक स्वर हा आवाजाच्या उंचीचा होता आणि डच आघात मुख्यतः जोराचा व लांबीचा आहे, हा भेद खरा. परंतु समासांतील भार कोठें आहे यावर अर्थ ठरतो, ही गोष्ट दोहोंकडे सारखीच. आपणच तो कान गमावून बसलों आहोंत.

पहिल्या पदावर आघात, हा नियम सांगितला; आतां त्याचे अपवाद, आणि तेच मला अधिक मनोरंजक वाटतात. 'स्तत' म्हणजे शहर आणि 'हौस' म्हणजे घर. नगरभवनाला ते 'स्तत्हौस' म्हणतात, पण आघात 'हौस' वर. महापौराला 'बर्खमेस्तर', आघात 'मेस' वर. ऑरेंज घराण्यांतील राजपुरुष पूर्वीं जें अधिकारपद भूषवीत तें 'स्तत्हाउदर', आघात 'हाउ' वर. जुन्या मानाच्या या शब्दांनीं आपली जुनी चाल टाकलेली नाहीं. गांवांच्या नांवांतहि हें ऐकूं येतें. ॲम्स्टरडॅम म्हणजे आम्स्तल नदीवरील बांध, रॉटरडॅम म्हणजे रॉत नदीवरील बांध. दोन्ही नांवांत डच मनुष्य शेवटच्या 'दम' वर जोर देतो. इंग्रजींतून हीं नांवें उचललेले आपण आरंभींच जोर देऊन मोकळे होतों. तांबड्या कोबीला 'रोदकोल' म्हणतात आणि आघात 'कोल' वर देतात. हा शब्द मुळांत 'तांबडा' आणि 'कोबी' असा सुटा वाक्खंड होता, लेखनांत जोडला गेला तरी चाल सुट्याचीच राहिली.

संख्यावाचकांत तर आपलें आणि त्यांचें चांगलें जमतें. मराठींत पंचवीस म्हणतांना पांच आधीं आणि वीस मागून येतात, इंग्रजींत उलटें. डच मनुष्य आपल्याप्रमाणेंच 'व्हैफ-अन-त्विन्तख' म्हणतो, पांच आणि वीस. हा द्वंद्वसमासच झाला, आणि येथें आघात दुसऱ्या पदावर पडतो. ईशान्य दिशेचेंहि तसेंच: 'नोर्त-ओस्त', उत्तर आणि पूर्व, भार पूर्वेवर. जेथें एक पद दुसऱ्याचें विशेषण नसून दोन्ही बरोबरीचीं असतात, तेथें जोर मागें सरकतो, असें स्थूलमानानें म्हणतां येईल. शिवाय शब्दाला 'अख' हा विशेषणाचा प्रत्यय लागला तरी आघात उडी मारतो. 'नोतलॉत', दैव, यांत तो 'नोत' वर. 'नोतलॉतख', दैवदुर्विलसित, यांत तो 'लॉत' वर.

या सांध्यावरून डच लोकांत जितके वाद झाले आहेत तितके दुसऱ्या कोणत्या भाषिक प्रश्नावरून क्वचितच झाले असतील. १८६३ सालीं माटियास डे फ्रीस आणि टे विंकल या दोन पंडितांनीं एका महाकोशासाठीं लेखनाचीं मूलतत्त्वें ठरविलीं. बेल्जमनें तीं १८६४ त आणि नेदरलंड्सनें १८८३ त मान्य केलीं. महाकोशाचा पहिला भाग १८६४ त निघाला आणि ग्रंथ पुरा झाला तो १९९८ सालीं! तोपर्यंत लेखनपद्धति कितीतरी वेळां बदलून गेली होती. १९९५ च्या सुधारणेनें सर्वांच्या तोंडचा घांसच कडू केला. तव्यावरच्या गोड धिरड्यासारख्या पदार्थाला ते 'पनकूक' म्हणतात. 'पन' आणि 'कूक' यांच्या सांध्यावर एक पुसट 'अ' ऐकूं येतो. तोंवर तेथें नुसता 'ई' हा वर्ण लिहीत. नव्या नियमानें त्यापुढें 'न' आला, कारण पन या शब्दाचें अनेकवचन न नें होतें. बहुसंख्य लोक तो न उच्चारीत नाहींत. शिवाय वनस्पतींच्या नांवांना निराळा अपवाद ठेवला होता, तो २००५ सालीं परत काढून टाकला. तेव्हां मात्र कित्येक वर्तमानपत्रांचा संयम सुटला आणि २००६ पासून त्यांनीं सरकारी 'हिरव्या पुस्तका' ऐवजीं एक 'पांढरें पुस्तक' प्रमाण मानण्याचें जाहीर केलें. एका मूक न साठीं एवढें रण माजलेलें पाहून आपण हंसूं नये. आपल्या अनुस्वारांची हकीकत फार जुनी झालेली नाहीं.

त्याच सुधारणेंतील एक बदल मात्र, माझ्या मतें, सुज्ञपणाचा होता. 'झे' म्हणजे समुद्र, 'एन्त' म्हणजे बदक. दोन्ही जोडले कीं एकच स्वरवर्ण ओळीनें चार वेळां येतो. पूर्वीं तिसऱ्यावर दोन टिंबें देऊन अक्षर तेथून सुरू होतें असें दाखवीत. आतां समास असेल तर मध्यें आडवी रेघ घालतात. दोन टिंबें उपसर्ग आणि संख्यावाचक यांच्यासाठीं राखून ठेवलीं आहेत. म्हणजे सांधा आणि अक्षराची नुसती फोड, या दोन गोष्टी डोळ्यांनाहि वेगळ्या दिसूं लागल्या.

याच्या उलट दिशेनें एक दुखणें वाढत आहे. इंग्रजीचें पाहून पुष्कळ डच लोक आतां जोडशब्द तोडून लिहूं लागले आहेत. त्याला तेथें 'इंग्रजी आजार' म्हणतात. मुडदूस या रोगाचेंहि डच भाषेंत हेंच नांव आहे, त्यामुळें टोमणा दुहेरी बसतो. तांबड्या मद्यासाठीं केलेले पेले 'रोदवैनख्लाझन' असे सलग लिहावयाचे. 'रोद' सुटें केलें कीं मद्यऐवजीं पेलेच तांबडे होतात. अंध मनुष्याला वाट दाखविणाऱ्या कुत्र्याचें नांव तोडून लिहिलें तर कुत्राच आंधळा ठरतो. दुकानांच्या पाट्यांवर असले आंधळे कुत्रे पुष्कळ हिंडतात. यंत्रांचाहि यांत हात आहे. ओळीच्या शेवटीं शब्द तोडण्याचें काम आतां संगणक करतो. १९८३ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत फ्रँकलिन लियांग यांनीं वर्णांच्या ठराविक जुळण्या पाहून शब्द कोठें तोडावा हें ठरविण्याची जी पद्धत काढली, ती डच भाषेसहि लावण्यांत आली. ती बहुतेक वेळां बिनचूक चालते. पण जुळण्या पाहणाऱ्याला अर्थ कळत नाहीं. 'मसाझबेत' म्हणजे अंग चोळून घेण्याचा पलंग. तेच वर्ण 'मस्साखबेत' असे वाचले तर सामुदायिक प्रार्थना. माणसाच्या तोंडांत या दोन शब्दांचा आघात निराळा, मधल्या वर्णाचा उच्चार निराळा, सांधा निराळा. यंत्रापुढें दहा वर्णांची एकच रांग.

सांधा नेहमीं टिकतो असें मात्र समजूं नये. आपल्याकडे वरयात्रेची वरात झाली आणि दीपावलीची दिवाळी झाली, तसें तेथेंहि होतें. द्राक्षवेलीला 'विंगर्त' म्हणतात, तो मुळांत 'वैन' आणि 'खार्त' यांचा समास, मद्याचा मळा. आतां तो कोणाच्या ध्यानीं नाहीं. आणि एक शब्द अगदीं उंबरठ्यावर उभा आहे. बटाटा आपल्याकडे पोर्तुगीजांच्या शब्दानें आला. डच लोक त्याला 'भूमीचें सफरचंद' म्हणतात, 'आर्त' म्हणजे भूमि आणि 'अपल' म्हणजे सफरचंद. नियमाप्रमाणें सांध्याशीं त ऐकूं यावयास हवा, होफ्त-अखेन्त मध्यें येतो तसा. पण रोजच्या जेवणांतल्या या वस्तूचें कुंपण जिभेनें केव्हांच मोडून टाकलें आहे. सारे 'आर्दपल' म्हणतात, द मोकळेपणानें पुढच्या स्वराला जाऊन मिळतो. छापखाना मात्र अजून ऐकत नाहीं. ओळीच्या शेवटीं हा शब्द तोडण्याची पाळी आली, तर भूमि वरच्या ओळींत राहते आणि सफरचंद खालच्या ओळींत जातें.